एल्साचे बोट धरून कोडिंगकडे

२०१४च्या अखेरीस ‘कोड डॉट ऑर्ग’ या अमेरिकी संस्थेने आपल्या ‘आवर ऑफ कोड’ या तासाभराच्या उपक्रमात एक नवा धडा आणला. पडद्यावर बर्फाचे मैदान, त्यावर ‘फ्रोझन’ चित्रपटातली एल्सा आणि शेजारी रंगीत ठोकळे. ‘१०० पिक्सेल पुढे जा’ हा ठोकळा ओढून आणला की एल्सा बर्फावर एक रेघ ओढते. त्याला ‘९० अंशांत वळ’ हा ठोकळा जोडून दोन्ही चार वेळा चालवले की चौकोन तयार होतो. हाच चौकोन दर खेपेला थोडा वळवून पुन्हापुन्हा काढला की हिमकणासारखी नक्षी उमटते. आठ-नऊ वर्षांच्या मुलीने ‘लूप’ हा शब्द नीट कळायच्या आतच लूप वापरलेला असतो.

धड्यातले गणित जुनेच होते. सीमोर पॅपर्ट, वॉली फ्युर्झिग आणि सिंथिया सॉलोमन यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. पुढे त्या भाषेत आलेले कासव असेच पुढे सरकायचे, वळायचे आणि मागे रेघ ठेवायचे. जवळजवळ अर्ध्या शतकाने कासवाच्या जागी एल्सा आली.

एवढ्या बदलाने मुली कोडिंगकडे येतात का? आल्या तर टिकतात का? आणि ज्या पात्राचे बोट धरून त्या येतात, त्या पात्राबरोबर मुलगी कशी असावी याच्या आणखी कोणत्या कल्पना त्यांच्या मनात शिरतात? गेली तीसेक वर्षे या प्रश्नांवर वाद चालू आहे. शिक्षक, मानसशास्त्रज्ञ, खेळण्यांच्या कंपन्या आणि स्वतः अभियंता असलेल्या स्त्रिया असे सगळे त्यात आहेत. वाद मुख्यतः अमेरिकेत झाला आणि पुरावाही बहुतेक तिथलाच आहे. म्हणून आढाव्याची सुरुवात तिथून करणे भाग आहे.

मुली बाहेर कशा पडल्या

प्रोग्रॅमिंग हे मुळात मुलांचे क्षेत्र होते, हा समज इतिहासाला धरून नाही. १९४५-४६ मध्ये ‘एनियाक’ या संगणकाला कामाला लावणाऱ्या सहाही प्रोग्रॅमर स्त्रिया होत्या: जीन जेनिंग्ज, के मॅकनल्टी, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बायलस आणि रूथ लिक्टरमन. यंत्र बांधणे हे पुरुषांचे काम आणि त्याच्याकडून काम करून घेणे हे दुय्यम, कारकुनी काम, अशी तेव्हाची समजूत होती. म्हणून ते स्त्रियांकडे आले. एप्रिल १९६७ मध्ये ‘कॉस्मोपॉलिटन’ या स्त्रियांच्या मासिकाने ‘द कॉम्प्युटर गर्ल्स’ नावाचा लेख छापला. त्यात संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर यांनी प्रोग्रॅमिंगची तुलना जेवणाच्या बेताशी केली होती: सगळे आधी ठरवायचे, वेळेवर सगळे तयार हवे, चिकाटी हवी, बारकाव्यांकडे लक्ष हवे. लोकप्रिय माध्यमातून मुलींना संगणकाकडे बोलावण्याचा प्रयोग इतका जुना आहे आणि त्यातली स्वयंपाकघराची उपमाही तितकीच जुनी आहे.

१९८४च्या सुमारास अमेरिकेत संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण ३७ टक्क्यांवर पोहोचले होते. पुढच्या पंचवीस वर्षांत ते १८ टक्क्यांच्या आसपास आले. याच काळात वैद्यक आणि कायद्याच्या शिक्षणात स्त्रिया वाढत होत्या, म्हणून ही घसरण अधिकच डोळ्यांत भरते.

तिची कारणे एकाहून अधिक आहेत. विद्यार्थ्यांची गर्दी झाल्यावर अनेक विद्यापीठांनी संगणक विभागांचे प्रवेश कडक केले. त्याच दशकात घरगुती संगणक आला, तो मुलांचे खेळणे म्हणून विकला गेला आणि चित्रपटांनी त्या प्रतिमेवर शिक्कामोर्तब केले. ‘वॉरगेम्स’ (१९८३) मध्ये खोलीत बसून लष्कराचा संगणक फोडणारा मुलगा आहे. ‘वियर्ड सायन्स’ (१९८५) मध्ये दोन मुलगे संगणकावर चक्क एक बाई घडवतात. जेन मार्गोलिस आणि अॅलन फिशर यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांशी वर्षानुवर्षे बोलून २००२ मध्ये ‘अनलॉकिंग द क्लबहाउस’ हे पुस्तक लिहिले. घरातला संगणक बहुधा मुलाच्या खोलीत असे आणि वडील तो मुलाबरोबर उघडून बघत, असे त्यांना पुन्हापुन्हा ऐकायला मिळाले. महाविद्यालयात पोहोचेपर्यंत मुलांच्या गाठीशी अनेक वर्षांचा सराव असे. वर्गही तो सराव गृहीत धरून चाले.

सप्ना चेरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. स्टॅनफर्डमधली एक खोली त्यांनी दोन प्रकारे सजवली. एकदा ‘स्टार ट्रेक’चे पोस्टर, कॉमिक्स, व्हिडिओ गेमचे डबे, सोड्याचे कॅन आणि यंत्रांचे सुटे भाग ठेवले. दुसऱ्यांदा निसर्गचित्राचे पोस्टर, पाण्याच्या बाटल्या आणि सर्वसाधारण पुस्तके. पहिल्या खोलीत बसलेल्या विद्यार्थिनींना संगणकशास्त्रात कमी रस वाटला. विद्यार्थ्यांवर मात्र खोलीचा परिणाम दिसला नाही.

हा निष्कर्ष या वादाच्या मुळाशी जातो. मुलींसाठी पॉप संस्कृती वर्गात आणावी की नाही, असा प्रश्न आपण विचारतो तेव्हा ती वर्गात नाहीच असे गृहीत धरतो. ती आधीपासून तिथे आहे. फक्त ती एका विशिष्ट प्रकारच्या मुलग्यांची आहे.

बार्बीपासून डोजा कॅटपर्यंत

पहिला मोठा व्यापारी प्रयोग १९९६चा. मॅटेल कंपनीने ‘बार्बी फॅशन डिझायनर’ हे सॉफ्टवेअर बाजारात आणले. संगणकावर बार्बीचा पोशाख रेखायचा, घरच्या प्रिंटरवर कापडासारख्या खास कागदावर छापायचा, कापून जोडायचा आणि बाहुलीला घालायचा. पहिल्या दोन महिन्यांत त्याच्या पाच लाखांहून अधिक प्रती खपल्या. मुली संगणकावर खेळत नाहीत, हे व्यापाऱ्यांचे ठाम मत त्याने खोटे पाडले. त्याच वर्षी ब्रेंडा लॉरेल यांनी ‘पर्पल मून’ ही कंपनी उभी केली. मुलामुलींशी भरपूर बोलून, शाळेतली मैत्री आणि रुसवेफुगवे यांवर तिने खेळ काढले, पण १९९९ मध्ये कंपनी बंद पडली. १९९८ मध्ये जस्टिन कॅसल आणि हेन्री जेन्किन्स यांनी संपादित केलेल्या ‘फ्रॉम बार्बी टू मॉर्टल कॉम्बॅट’ या संग्रहात हा सगळा वाद पहिल्यांदा एकत्र मांडला गेला: मुलींसाठी वेगळे गुलाबी दालन उघडायचे, की आहे ते दालन सगळ्यांना मोकळे करायचे?

पुढचा टप्पा २०१०चा. बार्बीचा पुढचा पेशा कोणता असावा यावर मॅटेलने मतदान घेतले आणि स्त्री अभियंत्यांनी जोरदार प्रचार केला. निकाल लागला तेव्हा सर्वसाधारण मतदारांनी संगणक अभियंता निवडली होती. खुद्द मुलींचा कौल मात्र वृत्तनिवेदिकेला होता. मॅटेलने दोन्ही बाहुल्या काढल्या. संगणक अभियंता बार्बीच्या सदऱ्यावर ० आणि १ या अंकांची नक्षी होती आणि हातात गुलाबी लॅपटॉप. मोठ्यांना मुलींसाठी काय हवे आहे आणि मुलींना स्वतःला काय हवे आहे यांतले अंतर इतके स्वच्छ दाखवणारा दुसरा प्रसंग या इतिहासात सापडत नाही. पुढच्या चर्चेत मात्र तो क्वचितच आठवला जातो.

२०१४ हे या विषयातले सर्वांत गजबजलेले वर्ष. जूनमध्ये गूगलने ‘मेड विथ कोड’ ही मोहीम जाहीर केली आणि तिच्यासाठी ५ कोटी डॉलर देण्याचे सांगितले. अभिनेत्री मिंडी केलिंग उद्घाटनाला होती. त्रिमिती छपाईचे कडे कोडमधून घडवणे हा तिच्या पहिल्या प्रकल्पांपैकी एक. त्या नाताळात व्हाइट हाउसजवळ मांडलेल्या ५६ राज्यांच्या व प्रदेशांच्या झाडांवरचे दिवे मुलींनी लिहिलेल्या कोडवर लुकलुकले. वर्षअखेरीस एल्सा आली. त्याच सुमारास मॅटेलचे २०१०चे एक पुस्तक अचानक चर्चेत आले. त्यातली ‘संगणक अभियंता’ बार्बी कुत्र्याच्या पिल्लाचा खेळ रेखाटते. तो प्रत्यक्ष तयार करायला मात्र स्टीव्हन आणि ब्रायन या मित्रांची मदत लागेल, असे ती हसत सांगते. पुढे तिच्या संगणकाला व्हायरस लागतो आणि दुरुस्तीलाही तेच येतात. मुखपृष्ठ एक सांगते आणि आतली पाने दुसरेच, हे वाचकांना सहन झाले नाही. मॅटेलने जाहीर माफी मागितली. माहितीशास्त्राच्या अभ्यासक केसी फिसलर यांनी त्याच चित्रांवर नवा मजकूर घालून, बार्बी स्वतः कोड लिहिते अशी आवृत्ती तयार केली आणि ती मूळ पुस्तकाइतकीच फिरली.

त्यानंतर ओघ सुरू झाला. ‘आवर ऑफ कोड’मध्ये २०१५ साली ‘स्टार वॉर्स’मधली रे, २०१६ साली मोआना आणि २०१८ साली लोकप्रिय गाण्यांवर पात्रे नाचवणारी ‘डान्स पार्टी’ आली. ‘मेड विथ कोड’ने २०१७ मध्ये ‘वंडर वुमन’च्या दृश्यांवर धडे बेतले. मॉडेल कार्ली क्लॉसने मुलींसाठी शिबिरे काढली. भारतीय वंशाच्या रेश्मा सौजानी यांनी २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वीस मुलींना घेऊन सुरू केलेल्या ‘गर्ल्स हू कोड’ने किशोरींसाठी कादंबऱ्यांची मालिका आणली. २०२१ मध्ये याच संस्थेने गायिका डोजा कॅटच्या ‘वुमन’ या गाण्याची अशी चित्रफीत काढली, की पाहणारीने कोडमधला रंग किंवा आकडा बदलला की समोरचे दृश्य बदलते.

बाजूने काय पुरावा आहे

या मार्गाचे समर्थक साधे म्हणणे मांडतात. मुलीला कोडिंग नकोसे वाटते ते करून पाहिल्यावर नव्हे, करून पाहण्याच्या आधीच. त्यामुळे पहिला अनुभव ओळखीच्या वातावरणात मिळाला तर निम्मी भीती जाते. मुलांना क्रिकेटच्या आकडेवारीवरून सरासरी शिकवताना कोणी नाक मुरडत नाही, मग एल्सावरून कोन शिकवताना का मुरडावे?

या बाजूचा सर्वांत भक्कम अभ्यास कॅटलिन केलहर यांचा आहे. कार्नेगी मेलनमध्ये ‘अॅलिस’ ही त्रिमिती प्रोग्रॅमिंगची प्रणाली होती. केलहर यांनी तिची ‘स्टोरीटेलिंग अॅलिस’ ही आवृत्ती केली. मूळ प्रणालीत पात्राचा हात अमुक अंशांत फिरव, अशा आज्ञा होत्या. नव्या आवृत्तीत बोल, चाल, बस, दुसऱ्याकडे वळून पाहा, अशा आज्ञा आल्या. म्हणजे मुलींना गोष्ट सांगता येऊ लागली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत दोन्ही गटांतल्या शाळकरी मुली प्रोग्रॅमिंगच्या मूलभूत गोष्टी सारख्याच शिकल्या. पण गोष्टवाल्या गटाने प्रोग्रॅमिंगवर ४२ टक्के अधिक वेळ घालवला. सत्र संपल्यावरही चोरून काम करत राहणाऱ्या मुली त्या गटात ५१ टक्के होत्या, मूळ आवृत्तीच्या गटात १६ टक्के. या प्रयोगात कोणतेही प्रसिद्ध पात्र नव्हते, हे विसरता कामा नये. गोष्ट मुलींची होती.

संगीतातही असेच काही दिसते. जॉर्जिया टेक विद्यापीठात घडलेल्या ‘इअरस्केच’मध्ये मुले पायथन किंवा जावास्क्रिप्टमध्ये कोड लिहून गाण्याचे तुकडे जोडतात. फॅरेल विल्यम्सच्या गाण्यावर त्याची राष्ट्रीय स्पर्धाही झाली. त्यावरच्या अभ्यासांत मुलींची आवड आणि आत्मविश्वास वाढल्याचे दिसले. अॅलिसन मास्टर यांच्या २०१७च्या प्रयोगात सहा वर्षांच्या मुलींना रोबो चालवायचा थोडा वेळ मिळाला तेवढ्याने तंत्रज्ञानाबद्दलची त्यांची आवड मुलग्यांच्या बरोबरीला आली. ‘आवर ऑफ कोड’बद्दलचे अभ्यासही साधारण हेच सांगतात: एका तासात दृष्टी बदलते, ज्ञानात फारशी भर पडत नाही. एका तासाकडून तशी अपेक्षाही नसावी.

पडद्यावरच्या पात्रांच्या बाजूने बहुतेकदा ‘स्कली इफेक्ट’चा दाखला दिला जातो. ‘द एक्स-फाइल्स’ या १९९३ पासूनच्या मालिकेतली डॉक्टर आणि तपास अधिकारी डेना स्कली. जीना डेव्हिस इन्स्टिट्यूटच्या २०१८च्या पाहणीत विज्ञान-तंत्रज्ञानात काम करणाऱ्या ६३ टक्के स्त्रियांनी तिला आपला आदर्श मानल्याचे सांगितले. आकडा मोठा आहे, पण तो मागे वळून सांगितलेल्या आठवणींचा आहे आणि पाहणीत मालिका बनवणाऱ्या कंपनीचाही सहभाग होता. जी स्त्री आधीच त्या वाटेवर होती तिला स्कली आवडली, की स्कलीमुळे ती त्या वाटेला लागली, हे त्यातून ठरत नाही.

हरकती

हरकत घेणारे एका सुरात बोलत नाहीत. निदान तीन वेगळ्या तक्रारी आहेत.

पहिली गुलाबी रंगाबद्दलची. युरोपीय आयोगाने २०१२ मध्ये ‘सायन्स: इट्स अ गर्ल थिंग’ ही जाहिरात काढली. उंच टाचांच्या तीन तरुणी प्रयोगशाळेत अशा येतात की जणू फॅशन शो आहे, एक पुरुष सूक्ष्मदर्शकावरून डोके वर काढून त्यांना पाहतो, मधेमधे लिपस्टिक. टीकेचा भडिमार झाला आणि चित्रफीत काही दिवसांतच मागे घेतली गेली. २०१५ मध्ये आयबीएमने स्त्री अभियंत्यांना हेअर ड्रायर ‘हॅक’ करायचे आवाहन केले. रॉकेट आणि रोगनिदानावर काम करणाऱ्या स्त्रियांनी आपापले काम दाखवून उत्तर दिले. आयबीएमने माफी मागून मोहीम बंद केली.

ही केवळ अभिरुचीची तक्रार नाही. डायना बेट्झ आणि डेनिस सेकाक्वाप्टेवा यांनी २०१२ मध्ये शाळकरी मुलींना विज्ञानात यशस्वी झालेल्या विद्यार्थिनींची वर्णने वाचायला दिली. काही वर्णनांत मेकअप, गुलाबी कपडे आणि फॅशन मासिके होती, काहींत नव्हती. नटव्या आदर्शाबद्दल वाचलेल्या मुलींची गणिताची आवड आणि स्वतःबद्दलचा अंदाज उलट खाली आला. ज्या मुलींना विज्ञान-गणित आपले वाटत नव्हते त्यांना हे यश विशेषच आवाक्याबाहेरचे वाटले. हुशारही असायचे आणि सुंदरही, हा दुहेरी भार झाला. ज्यांना आकर्षित करायचे त्यांच्यावरच उलटा परिणाम झाला, म्हणून हा अभ्यास कोणत्याही मोहिमेच्या आखणीत आधी वाचला जायला हवा.

दुसरी तक्रार अशी की मुलींची आवड हा प्रश्नच मुळात चुकीच्या जागी ठेवला आहे. दुरुस्ती वर्गाची हवी. कार्नेगी मेलनने प्रवेशासाठी प्रोग्रॅमिंगचा पूर्वानुभव धरणे सोडले, सुरुवातीचे अभ्यासक्रम वेगवेगळ्या पातळ्यांचे केले, शाळाशिक्षकांना प्रशिक्षण दिले. संगणकशास्त्रात प्रवेश घेणाऱ्या मुली १९९५ मध्ये ७ टक्के होत्या, २०००मध्ये ४२ टक्के झाल्या. कॅलिफोर्नियातल्या हार्वी मड महाविद्यालयात मारिया क्लावे २००६ मध्ये प्रमुख झाल्या तेव्हा हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होते. पहिला अभ्यासक्रम पायथनमध्ये नव्याने बांधला. सरावलेल्यांची आणि नवख्यांची तुकडी वेगळी केली, जेणेकरून वर्गात सगळे आधीच येणाऱ्यांनी नवख्यांना दडपू नये. पहिल्या वर्षाच्या मुलींना संगणक क्षेत्रातल्या स्त्रियांच्या ग्रेस हॉपर संमेलनाला नेले. पाचेक वर्षांत प्रमाण ४० टक्क्यांच्या घरात गेले. एकाही राजकन्येची मदत न घेता हे झाले, आणि हे आकडे कोणत्याही पॉप मोहिमेच्या आकड्यांपेक्षा ठाम आहेत.

तिसरी तक्रार मालकीची. शाळेच्या तासात एल्सा येते तेव्हा डिस्नेची जाहिरातही येते. शिवाय ती ज्यांची ओळखीची आहे त्यांचीच ओळखीची आहे. रॉन एग्लॅश यांनी आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या केशरचनेतल्या वेण्यांवरून भूमिती आणि कोड शिकवणारी साधने केली: एक वेणी म्हणजे दर पायरीला लहान होत, वळत जाणारा तोच आकार. किम्बर्ली ब्रायंट यांनी २०११ मध्ये ‘ब्लॅक गर्ल्स कोड’ सुरू केली, कारण ‘मुली’ म्हटले की डोळ्यांसमोर एकाच रंगाच्या, एकाच वर्गातल्या मुली येत होत्या. आपल्याकडे रांगोळीच्या ठिपक्यांवर असाच धडा बांधता येईल. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात गिफ्ट आणि रानी सिरोमनी यांनी १९७०च्या दशकातच कोलम ही तमिळ रांगोळी आणि संगणकशास्त्रातले चित्र-व्याकरण यांचा संबंध अभ्यासला होता.

मोहिमांच्या आधीची वाट

या दोन्ही बाजूंच्या मांडणीत एक मोठी गोष्ट कडेला पडते. कोणीही बोलावलेले नसताना पॉप संस्कृतीतून हजारो मुली कोडिंगपर्यंत पोहोचल्याच होत्या. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘निओपेट्स’ या आभासी पाळीव प्राण्यांच्या खेळात आपले पान सजवायचे तर एचटीएमएल आणि सीएसएस लिहावे लागे. आवडत्या बँडचे, मालिकेचे किंवा कादंबरीचे चाहते-पान बनवताना कितीतरी मुलींनी दुसऱ्याच्या पानाचा कोड उघडून पाहिला, त्यातला रंगाचा आकडा बदलून काय होते ते बघितले, बिघडले तर मैत्रिणीला विचारले. शिकवायला कोणी नव्हते आणि प्रमाणपत्रही मिळणार नव्हते.

या वाटेचे सर्वांत मोठे फळ म्हणजे ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे फॅनफिक्शनचे भांडार. व्यापारी संकेतस्थळे चाहत्यांच्या लेखनावर पैसे कमावू पाहत होती, तेव्हा २००७ मध्ये आपले स्वतःचे भांडार उभारायची हाक दिली गेली. हाक देणाऱ्यांत कादंबरीकार नेओमी नोविक होत्या, ज्यांनी आधी व्हिडिओ गेमच्या निर्मितीतही काम केले होते. २००९ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले आणि २०१९ मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. ते बांधणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया होत्या, आणि त्यांतल्या अनेकींनी प्रोग्रॅमिंग शिकायला सुरुवात केली ती याच कामासाठी. केसी फिसलर, शॅनन मॉरिसन आणि एमी ब्रकमन यांनी २०१६ मध्ये या भांडाराचा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा या गोष्टीची नीट नोंद झाली.

एल्साच्या धड्यात उत्तर आधीच ठरलेले असते. चाहत्यांच्या पानात काय बनवायचे ते मुलगी ठरवते. केलहर यांच्या प्रयोगातला फरकही हाच होता. आजच्या पुराव्यावर या लेखाचा कल या बाजूला आहे: पात्र प्रसिद्ध असणे दुय्यम आहे आणि मुलीच्या हातात काहीतरी घडवायचे आहे की नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे.

भारतात आल्यावर

भारतात हा वाद जसाच्या तसा लागू होत नाही. इथे संगणकशास्त्राच्या वर्गात मुलींचे प्रमाण अमेरिकेपेक्षा बरेच जास्त आहे आणि माहिती-तंत्रज्ञान उद्योगातले एकतृतीयांशाहून अधिक कर्मचारी स्त्रिया आहेत. रोली वर्मा यांनी भारतातल्या विद्यार्थिनींच्या मुलाखती घेतल्या तेव्हा त्यांना ‘गीक’ची, म्हणजे संगणकात बुडालेल्या एकलकोंड्या मुलाच्या प्रतिमेची, भीती आढळलीच नाही. कचेरीत बसून करायचे काम, चांगला पगार, समाजात मान आणि वडिलांचा पाठिंबा, म्हणून मुलींनी ही शाखा घेतली होती. उल्फ मेलस्ट्रम यांना मलेशियात असेच चित्र दिसले. मारिया चार्ल्स आणि कॅरन ब्रॅडली यांनी २००९ मध्ये ४४ देशांची तुलना करून दाखवले की श्रीमंत देशांत, जिथे ‘मनाला आवडेल ते शिका’ असे सांगितले जाते, तिथे मुलामुलींच्या शाखा उलट अधिक वेगळ्या होतात. आवड निर्माण करणे हाच उपाय, या गृहीतकाला याहून मोठा धक्का नाही.

म्हणजे इथे सगळे आलबेल आहे असे नव्हे. आयआयटींमध्ये मुली ८-९ टक्क्यांवर अडकल्या होत्या. २०१८ पासून त्यांच्यासाठी अतिरिक्त जागा निर्माण केल्यावर प्रमाण दोन वर्षांत २० टक्क्यांपर्यंत गेले. हे काम जागांनी केले, जाहिरातीने नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) कधीतरी इंटरनेट वापरल्याचे ५७.१ टक्के पुरुषांनी सांगितले आणि ३३.३ टक्के स्त्रियांनी. घरातला एकुलता फोन भावाच्या खिशात असेल तर पडद्यावर एल्सा असो की कासव, बहिणीला दोन्ही दिसत नाहीत.

धारावीतला अनुभव इथे उपयोगी आहे. नवनीत रंजन यांनी तिथल्या वस्तीवर २०१२ मध्ये ‘धारावी डायरी’ हा माहितीपट केला आणि पुढे मुलींसाठी वर्ग सुरू केले. एमआयटीचे ‘अॅप इन्व्हेंटर’ हे ठोकळे जोडून अॅप बनवण्याचे साधन मुलींनी इंटरनेटवरच्या धड्यांवरून शिकून घेतले. एका अॅपमध्ये संकटात पडलेल्या स्त्रीला गजर वाजवता येतो आणि आपले ठिकाण कळवता येते. दुसरे सार्वजनिक नळावरच्या रांगेचे: नंबर आला की घरी सूचना येते, त्यामुळे मुलीला शाळा बुडवून हंडा घेऊन ताटकळावे लागत नाही. चित्रपटाचे पात्र त्यात नव्हते. विषय मुलींनी रोजच्या जगण्यातून घेतला होता.

भारतीय लोकप्रिय माध्यमांतही प्रतिमा आहेत, पण वेगळ्या. २४ सप्टेंबर २०१४ला मंगळयान कक्षेत पोहोचले तेव्हा बंगळूरच्या इस्रो केंद्रात रेशमी साड्या नेसून एकमेकींना मिठ्या मारणाऱ्या स्त्रियांचे छायाचित्र जगभर छापले गेले. मुलींना आकर्षित करायला कोणी त्यांना सजवले नव्हते. २०१९च्या ‘मिशन मंगल’ चित्रपटाने या मोहिमेतल्या स्त्री वैज्ञानिकांची गोष्ट घेतली आणि फलकावर नायकाचा चेहरा सर्वांत मोठा केला, याबद्दल टीकाही झाली. मराठी घरांत सुधा मूर्तींची गोष्ट वाचली जाते: स्त्रियांनी अर्ज करू नये असे लिहिलेल्या जाहिरातीवर त्यांनी जेआरडी टाटांना पत्र पाठवले आणि पुढे टेल्कोत अभियंता म्हणून रुजू झाल्या. ‘स्कली’ची जागा आपल्याकडे अशा खऱ्या माणसांनी घेतलेली दिसते.

अजून न सुटलेले

सर्वांत मोठी उणीव काळाची आहे. अभ्यास काही तासांचे किंवा काही आठवड्यांचे आहेत, निर्णय मात्र दहा वर्षांनी होतो. अमेरिकेतले आकडे शेजारी ठेवले तर चित्र असे दिसते: ‘आवर ऑफ कोड’मध्ये मुली जवळपास निम्म्या. शाळेच्या शेवटी, २०१६ पासूनच्या सोप्या संगणक परीक्षेत सुमारे एकतृतीयांश. प्रोग्रॅमिंगच्या जुन्या, अवघड परीक्षेत चौथ्या हिश्शाच्या आसपास. पदवीला पाचव्या हिश्शाहून थोड्या अधिक. हे एकाच तुकडीचे आकडे नाहीत, त्यामुळे त्यांना थेट गळती म्हणता येणार नाही. तरीही पहिल्या तासाचा उत्साह कुठे संपतो याचा शोध घ्यायला एवढे कारण पुरेसे आहे.

वयाचा प्रश्नही उघडा आहे. आठ वर्षांच्या मुलीला एल्सा जवळची वाटते, तेरा वर्षांच्या मुलीला तीच बालिश वाटू शकते. बेट्झ यांचे निष्कर्ष याच अडनिड्या वयाचे आहेत. मुलींचे वर्ग वेगळे असावेत की एकत्र, यावर २००८च्या ‘बियॉन्ड बार्बी अँड मॉर्टल कॉम्बॅट’ या संग्रहातही एकमत झाले नव्हते, आजही नाही. आणि आता कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. कोड डॉट ऑर्गनेच २०२५ पासून आपल्या तासाचे नाव बदलून ‘आवर ऑफ एआय’ केले. ठोकळे ओढून चौकोन काढण्याची सवय या नव्या अभ्यासक्रमात कुठे बसते, यावर आता कुठे विचार सुरू झाला आहे.

महाराष्ट्रात २०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर सहावीपासून कोडिंगची भाषा होऊ लागली आहे. एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेचा ‘सीएसपाठशाला’ हा उपक्रम २०१६ पासून संगणकाशिवायही संगणकीय विचार शिकवतो आणि त्यांची ‘बेब्रास’ स्पर्धा मराठीतूनही देता येते. सुट्टीतली कोडिंग शिबिरे तर गावोगाव आहेत. ती घेणाऱ्या शिक्षकांना आणि संस्थांना विनंती एवढीच: शिबिराच्या शेवटी किती मुलींना मजा आली हे विचाराच, पण वर्षभराने त्याच मुलींना पुन्हा गाठा. त्यांतल्या किती अजून काही बनवत आहेत, काय बनवत आहेत, आणि ज्या थांबल्या त्या कशामुळे थांबल्या, याची नोंद ठेवा आणि ती प्रसिद्ध करा. अशी नोंद मराठी मुलींबद्दल आज कुठेही एकत्र मिळत नाही.